फोटोत मी पाठमोरा आहे

मित्रांनो, मी सोलापुरातल्या एका रिक्षाच्या उजव्या अंगाला दोन स्क्रूंनी जखडलेला जुना आरसा आहे. मला मान वळवता येत नाही. पुढं काय आहे हे मी आजवर कधी पाहिलेलं नाही. नवा पूल असो, नवी इमारत असो, सगळं मला मागं पडल्यावरच दिसतं. तुम्हाला सहलीच्या बसमध्ये कुणी उलटं तोंड करून बसवलं तर कसं वाटेल? माझा सगळा जन्म तसाच चालला आहे. त्यामुळे मी थोडा कुरकुऱ्या झालो आहे, तेवढं चालवून घ्या.

माझी काच कापून, जराशी फुगवून, काळ्या प्लास्टिकच्या पाठीत बसवली गेली. मग बरेच दिवस मी एका दुकानात टांगलेला होतो आणि समोरच्या फळीवरचे भोंगे बघत होतो. तिथून मला रिक्षावाल्या इसूफभाईंनी उचललं. स्टँडवरच्या बाकीच्या रिक्षावाल्यांच्या आरशांचे हाल काय सांगू! बोळातून जाताना घासतो म्हणून दीपकने त्याचा आरसा आत मुडपून ठेवला होता. शरणप्पांचा आरसा तर भांग पाडण्यासाठीच होता. इसूफभाई मात्र मला रोज सकाळी सोलापुरी टॉवेलच्या तुकड्याने पुसायचे. ब्रेक दाबायच्या आधी माझ्याकडे एकदा बघायचं, ही त्यांची सवय. दाबल्यावरही पुन्हा बघायचं. बायाबापड्या उतरताना म्हणायच्या, इसूफभाईंच्या रिक्षात पोटातलं पाणी हलत नाही. त्यातलं निम्मं कौतुक माझं आहे असं मी धरून चालायचो.

इसूफभाईंकडे शाळेची फेरी होती. रिक्षात जितक्या मुली बसवायची परवानगी होती, तितक्या भरलेल्या होत्या. एका वर्षी नागूबाई त्यांच्याकडे आल्या. त्या एका दवाखान्यात झाडलोट करतात. पहाटेच कामावर जावं लागतं आणि मुलगी संघप्रिया एकटी चालत शाळेला जाते. वाटेत नाक्याजवळचा मोठा चौक. ट्रक, एसटी, उसाचे ट्रॅक्टर, सगळं तिथूनच जातं. आमच्या पोरीला तेवढा चौक पार करून द्या, असं त्या म्हणाल्या.

इसूफभाईंनी नाही म्हणायला हवं होतं, पण त्यांना ते जमलं नाही. त्यांनी आपल्या सीटच्या मागच्या लोखंडी नळीला एक अरुंद लाकडी फळी अडकवली आणि संघप्रियाला तिच्यावर बसवलं. फळीवर बसणाऱ्याचं तोंड रिक्षाच्या मागच्या बाजूला होतं. मला फार आनंद झाला. इतक्या वर्षांत माझ्यासारखंच मागं बघत प्रवास करणारं कुणीतरी पहिल्यांदाच भेटलं होतं. मागच्या प्लास्टिकच्या खिडकीतून ती जे बघायची, तेच मी बघायचो. ती पाट्या मोठ्याने वाचायची आणि बाकीच्या मुली तिच्यावर हसायच्या.

थंडीचे दिवस होते. उसाचा हंगाम ऐन भरात होता. त्या सकाळी चौकातला दिवा लाल झाला आणि आम्ही पांढऱ्या रेषेवर अगदी शिस्तीत थांबलो. शेजारी कुणी नव्हतं. इसूफभाईंनी सवयीप्रमाणे माझ्याकडे पाहिलं. मागून दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर येत होता. त्यावरच्या कर्ण्यांतून गाणं इतक्या जोरात वाजत होतं की माझी काच थरथरत होती. ट्रॅक्टरवाला ब्रेकवर जवळजवळ उभाच राहिला होता, पण मागच्या उसाचा रेटा त्याला पुढं ढकलत होता. तो माझ्यात मोठा मोठा होत चालला. त्याच क्षणी फळीवरून आवाज आला, "मामा, त्यो ट्रॅक्टर थांबंना."

इसूफभाईंनी रिक्षा पुढं काढली आणि डावीकडे कडेला घेतली. ट्रॅक्टर आला आणि आम्ही जिथं उभे होतो, बरोबर तिथं येऊन थांबला. त्याचं पुढचं चाक रेषेच्या आतच राहिलं. दिवा हिरवा झाला तसा तो गाणं वाजवत निघून गेला. इसूफभाईंचे डोळे मला दिसत होते, ते ओले होते. त्यांनी हँडल सोडून हात मांडीला पुसले आणि मुलींना शाळेत पोचवलं.

काही दिवसांनी त्यांच्या फोनवर चलान आलं. लाल दिवा ओलांडला, असा गुन्हा. सोबत फोटो. तो फोटो त्यांनी माझ्यासमोर इतक्या वेळा धरून पाहिला की मलाही पाठ झाला. वर लाल दिवा, खाली रेषेच्या पुढं आलेली आमची रिक्षा, नंबर अगदी स्वच्छ. त्या चौकातला कॅमेरा रेषेच्या पुढचंच बघायचा. फोटोत मीही आहे, मित्रांनो. पण कॅमेरा समोर होता आणि माझं तोंड मागं. त्यामुळे माझी नुसती काळी पाठ दिसते. माझ्या काचेत त्या वेळी अख्खा ट्रॅक्टर होता. पण कॅमेरा जे बघतो ते राखून ठेवतो, आणि माझ्या काचेत काही म्हणजे काही राहत नाही. इतका राग मला स्वतःचा कधी आला नव्हता.

बातमी शाळेत पोचायला वेळ लागला नाही. आमच्या मुली बसवून सिग्नल तोडणारा ड्रायव्हर नको, असं पालकांनी म्हटलं. त्यांचंही चुकलं नाही, फोटो त्यांनीही पाहिला होता. चलान रद्द करून आणा, तोवर फेरी बंद, असं शाळेनं सांगितलं. इसूफभाईंना स्टँडवर जायची लाज वाटू लागली. त्यांनी रिक्षा बोळात लावली आणि वर ताडपत्री टाकली. ताडपत्रीच्या फटीतून मला एक भिंत दिसायची. सकाळी भिंत, दुपारी भिंत, संध्याकाळी तीच भिंत, तिच्यावर एक पाल. धूळ बसत गेली तशी पालही दिसेनाशी झाली. रस्त्यावरून शाळेच्या रिक्षा गेल्या की आवाज ऐकू यायचा आणि मी त्यात आमच्या मुलींचे आवाज शोधायचो.

शरणप्पा आणि दीपक समजूत घालायला आले आणि रिक्षाला टेकून आपसातच भांडत बसले. दीपकचं म्हणणं, हे कॅमेरे काढून फेकले पाहिजेत. ज्यानं जन्मात क्लच धरला नाही, तो आम्हाला गाडी कशी चालवायची ते शिकवणार! ड्रायव्हरचं कसब त्याला काय कळणार? शरणप्पा अक्कलकोटकडचे, बोलणं सावकाश. ते म्हणाले की कसब कसब म्हणून छाती बडवणारे आपण सगळे कॅमेरा बसेपर्यंत त्या रेषेवर कधी थांबत होतो का? आता पोरंबाळं निदान जीव मुठीत न धरता रस्ता ओलांडतात. आणि दीपक, तुझा आरसा मुडपलेला, तुझं कसब कुठल्या डोळ्यांनी बघतं? दीपकने त्यांच्या भांग पाडायच्या आरशाची आठवण करून दिली. मग दोघंही हसले. शेवटी दोघांचं एका गोष्टीवर जमलं. लोकअदालतीत जायचं, तडजोड करायची, दंड भरून मोकळं व्हायचं. सगळे तेच करतात.

इसूफभाईंनी फोनवरचा फोटो पुन्हा एकदा पाहिला. मग म्हणाले, "भरलं म्हंजे पोरींना घिऊन मी सिग्नल तोडला, असं झालं की."

त्यांनी चलानाविरुद्ध वाहतूक पोलिसांकडे तक्रार केली. फोटो स्पष्ट आहे, असं उत्तर आलं. पुन्हा केली. तेव्हा पुरावा घेऊन, रिक्षासह या, असं बोलावणं आलं. पुरावा एकच होता. मागं तोंड करून बसलेली संघप्रिया. पण ती बसली होती फळीवर, आणि फळी नियमाबाहेरची. पोरीला साक्षीला आणावं तर फळीचा गुन्हा अंगावर येणार, न आणावं तर सिग्नलचा. ताडपत्रीखाली बसून ते कपाळ चोळायचे आणि मला ते धुळीतूनही अंधुक दिसायचं. आम्ही दोघंही तिथं कोंडलेलो होतो. शेवटी त्यांनी फळी काढून घरात ठेवली. नागूबाईंना निरोप दिला की पोरीला यात आणू नका. का, ते सांगितलं नाही. आपल्या मुलीची जागाच चोरटी होती हे कळलं तर त्या माऊलीला वाईट वाटेल, म्हणून.

सुनावणीच्या दिवशी त्यांनी वाहतूक पोलिसांच्या कार्यालयाच्या आवारात रिक्षा उभी केली आणि बाहीनं माझ्यावरची धूळ पुसली. तिथल्या अधिकारी मॅडम व्हरांड्यातून खाली आल्या. फोटो त्यांच्या हातात होता. त्या शांतपणे म्हणाल्या की तुम्ही रेषेच्या पुढं आहात आणि दिवा लाल आहे, यात खोटं काय आहे?

"कायबी खोटं न्हाय," इसूफभाई म्हणाले. "पण मागनं काय येत हुतं ते ह्यात न्हाय."

मॅडमनी विचारलं, ते कुणी पाहिलं? इसूफभाईंनी माझ्याकडे बोट केलं. मॅडम खरोखरच ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या आणि माझ्यात डोकावल्या. मी जिवाच्या आकांताने ट्रॅक्टर दाखवायचा प्रयत्न केला, पण माझ्यात आवारातला कडुनिंब होता आणि फाटकातून लगबगीनं येणाऱ्या नागूबाई होत्या. त्यांच्या हाताला धरून संघप्रिया.

इसूफभाईंचा चेहरा उतरला. नागूबाईंना राहवलं नव्हतं. पोरीचा जीव वाचवणाऱ्याची फेरी बंद पडते आणि आपण घरी बसायचं, हे त्यांना पटत नव्हतं. त्यांनी मुलीला पुढं केलं. संघप्रियाने सगळं सांगितलं. कर्णे, दोन ट्रॉल्या, ट्रॅक्टरच्या समोर लावलेला झेंडूचा वाळका हार, ब्रेकवर उभा राहिलेला माणूस. मॅडम ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू रिक्षात बसून मागचं एवढं सगळं कसं पाहिलंस?"

"मी मागं तोंड करून बसते की. फळीवर."

नागूबाई एकदा मॅडमकडे आणि एकदा इसूफभाईंकडे बघत होत्या. मित्रांनो, फळी तर घरी होती. पोर काहीतरी बोलतेय, असं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी इसूफभाईंचे डोळे बघत होतो. ते एकदा मिटले, उघडले.

"व्हय मॅडम," ते म्हणाले. "फळी मीच लावली हुती. पोरगी खरं बोलती."

मॅडमनी पुन्हा मुलीला विचारलं, मग आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा सिग्नलचं चलान रद्द झालं होतं आणि फळीचं नवीन लिहिलं होतं. जादा बसवलेल्या मुलीला तुमच्या रिक्षात अपघात झाला असता तर तुम्ही तिच्या आईला काय तोंड दाखवलं असतं, एवढंच त्यांनी विचारलं. इसूफभाईंनी खाली मान घालून दोन्ही हातांनी कागद घेतला.

"ह्ये माझंच हाय," ते म्हणाले. "ह्याला तक्रार न्हाय."

नागूबाई रडल्या. आमच्यामुळंच झालं, असं त्या म्हणत राहिल्या. इसूफभाई त्यांना "आक्का, तसं न्हाय" म्हणत राहिले.

फेरी पुन्हा सुरू झाली. टॉवेलचा तुकडा पुन्हा माझ्यावर फिरू लागला. मुली परवानगीइतक्याच, एकही जास्त नाही. फळी गेली. संघप्रिया पुन्हा चालत जाते. बोळाच्या तोंडाशी ती आम्हाला हात करते आणि रिक्षा पुढं गेली की माझ्यात लहान लहान होत जाते. माझी काच फुगीर, ती माणसाला आहे त्याहून लांब दाखवते. तेव्हा मला फार वाईट वाटतं.

पण आम्ही घरोघरच्या मुली घेत फिरतो, तोवर ती गल्लीबोळांतून चालत आमच्या आधी चौकात पोचते. दिवा लाल झाला तरी ती लगेच रस्त्यात पाय टाकत नाही. आमची रिक्षा रेषेवर थांबली की मगच निघते. ती आमच्या पुढून जाते, म्हणजे मला दिसत नाही. पुढचं बघायला वर कॅमेरा आहे. मी मागचे ट्रक बघतो, ट्रॅक्टर बघतो, आणि इसूफभाई माझ्यावरची नजर हलवत नाहीत. मग संघप्रिया पलीकडून "मामा" म्हणून हाक मारते आणि त्यांच्या डोळ्यांखालच्या सुरकुत्या सैल पडतात. ती पोचली, हे मला तेव्हा कळतं.

मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीचा आरसा मुडपलेला असेल तर उद्या सकाळी तेवढा उघडा आणि पुसा. तुमच्यापैकी कुणीतरी रोज त्या गाडीच्या पुढून चालत जात असतं.