दोन पडदे आणि हरवलेली शीट

मी नाशिकच्या एका कॉलेजातला जुना ओव्हरहेड प्रोजेक्टर आहे, मित्रांनो, आणि स्वभावाने जरा संशयी आहे. पोटात दिवा, वर काच आणि उंच मानेवर भिंग, एवढंच माझं रूप. १९९४ साली मी कारखान्यातून इथल्या पदार्थविज्ञान विभागात आलो. काचेवर पारदर्शक शीट ठेवली की तिच्यावरचं वीतभर चित्र मी भिंतभर करतो. मुलांना त्याचं फार कौतुक वाटे. मला मात्र धाकधूक असे. शीटवर चूक असली तर तीही भिंतभर होते, आणि भिंतीवर दिसलं की लोकांना खरंच वाटतं.

२००४च्या विज्ञान दिनाला मंजुषा मॅडमचं व्याख्यान ठरलं. त्या याच कॉलेजात शिकून इथेच शिकवू लागल्या होत्या. जन्मल्याबरोबर, पापणी लवण्याच्याही कितीतरी आत, विश्व एकाएकी प्रचंड फुगलं असं मानतात. ते कशामुळे फुगलं असावं, हा त्यांचा विषय. प्राचार्यांनी दारातल्या फलकावर लिहून टाकलं, 'विश्वाचं कोडं सुटलं'. विभागप्रमुख जयराम सर म्हणजे मॅडमचे गुरू. फलक वाचून ते मॅडमना म्हणाले, "सुटलं असेल तर पुरावा दाखव. नसेल तर पोरांना गोष्टी सांगू नकोस. तसं झालं तर तुझं हे पहिलं आणि शेवटचं व्याख्यान."

मॅडमनी शेवटची शीट त्यासाठीच केली होती. तिच्यावर ठळक लिहिलं होतं, 'हे अजून सिद्ध झालेलं नाही'. व्याख्यानाच्या सकाळी बघतात तर नेमकी तीच शीट गायब. थोड्याच वेळापूर्वी जयराम सर एकटेच विभागाच्या खोलीत येऊन शीट चाळून गेले होते. मलाही त्यांचाच संशय आला. "सरांना माझी फजिती बघायचीय," मॅडम पुटपुटल्या.

सभागृह भरलं. सर हाताची घडी घालून पुढेच बसले. मॅडमनी स्ट्रिंग थिअरी समजावून सांगितली. या सिद्धांतानुसार पदार्थाचे अगदी मूळ कण म्हणजे थरथरणारे सूक्ष्म तंतू असतात. आपल्याला दिसणाऱ्या लांबी, रुंदी, उंचीपलीकडे आणखी काही मिती दडलेल्या असतात, आणि त्यांत पडद्यांसारख्या वस्तूही असू शकतात. मग त्यांनी दोन कोऱ्या शीट हातात समोरासमोर धरल्या.

"असे दोन पडदे एकमेकांकडे ओढले जात असतील," त्या म्हणाल्या. "ते सावकाश जवळ येत असतात, तोवर त्यांच्यातली ऊर्जा विश्वाला फुगवत राहते. ते आदळले की फुगणं थांबतं आणि प्रचंड उष्णता निर्माण होते. पुढे तारे, पृथ्वी, आपण, सगळं त्यातूनच."

टाळ्यांचा कडकडाट झाला. प्राचार्य आभार मानायला उठले. आता मॅडम गप्प बसतील, असं मला वाटलं. शीटच नव्हती, तर विचारणार कोण?

पण मॅडमनी हात वर केला. "फलकावर लिहिलंय ते बरोबर नाही," त्या म्हणाल्या. "विश्व फुगलं असावं, अशा खुणा आकाशात मिळतात. पण हे तंतू आणि पडदे अजून कुणाला सापडलेले नाहीत. कोडं सुटलेलं नाही. सोडवायची एक वाट दिसतेय."

प्राचार्य तसेच खाली बसले. सरांच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

नंतर आवराआवर करताना, शीट एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये घातलेला एक पांढरा कागद मॅडमना जाड लागला. त्यांनी नखाने कड सोडवली. हरवलेली शीट त्यालाच चिकटलेली होती. मग सरांना गाठून त्यांनी मनात आलेलं सगळं सांगून टाकलं.

"तुझ्या शीटांमध्ये चूक शोधत होतो, सापडली नाही," सर म्हणाले. "माझ्यावर संशय घेतलास, हरकत नाही. तसाच त्या पडद्यांवरही घेत राहा. पुढच्या वर्षीचा विषय आत्ताच ठरव."

दोन-तीन वर्षांत संगणकाला जोडायचा नवा प्रोजेक्टर आला. तेव्हापासून मी अडगळीत आहे. काचेवर धुळीचा थर बसलाय, भिंगावर कोळ्याने जाळं विणलंय. मित्रांनो, कधी इकडे आलात तर एवढी काच पुसा. आणि भिंतीवर काहीही मोठं दिसलं, तर टाळी वाजवण्याआधी काचेवर काय ठेवलंय, ते जरा वाकून बघा.