शाळेच्या पडवीतला पाटा

कडाक्! असा आवाज झाला होता. खूप वर्षे झाली, पण तो मी विसरलेलो नाही, कारण तो माझाच होता. सुर्ल्याच्या चढावर भरलेल्या ट्रकाखाली मी मोडलो, तेव्हाचा.

मी पाटा. ट्रकाच्या चाकांवर, भार पेलायला, एकावर एक लोखंडी पट्ट्या बसवतात. त्यातली मी एक पट्टी. दोन वर्षे मी खाणीतला माल जेटीपर्यंत वाहिला. तांबड्या धुळीशिवाय दुसरे काही पाहिले नाही.

ट्रक चालवायचा सगुण, दोडामार्गाकडून पोटासाठी आलेला. मी मोडलो तेव्हा त्याने मला बाहेर काढले, अंगावरची धूळ पुसली आणि म्हणाला, "दोन वर्सां भार व्हायलंस. आता बस जरा."

मेस्त्री मला भंगारात टाकणार होता. पण त्याच आठवड्यात सगुणची मुलगी गौरवी वाड्यावरच्या, म्हणजे आमच्या वस्तीतल्या, मराठी शाळेत पहिलीला बसली. शाळेला घंटा नव्हती. दत्तप्रसाद सर टाळ्या वाजवून मुलांना आत बोलवायचे. सगुणने मला दोन तारांनी पडवीच्या वाशाला टांगले आणि वाजवायला एक जाड बोल्ट आणून दिला. म्हणजे गौरवी आणि मी एकाच दिवशी शाळेत आलो. ती आत बसली, मी बाहेर राहिलो.

माझे शिक्षण तेवढेच. दारातून जे ऐकू आले ते. पाढे मला बारापर्यंत येतात. तेरापासून पुढचे पलीकडच्या खोलीत शिकवत.

मला वाजवायची पाळी आली की मुले आधी सरांकडे बघत आणि मग ठरल्यापेक्षा एक टोला जास्त मारत. गौरवी मात्र मोजून मारायची. मारून झाले की मी थरथरायचा थांबेपर्यंत हात लावून उभी राहायची. सर एकदा म्हणाले, "ही पुढे बाई होणार." ते तिने ऐकले. मीही ऐकले.

मग खाणी बंद पडल्या. ट्रक अंगणात उभे राहिले, त्यांच्या चाकांवर वेली चढल्या. वाड्यावरून पिवळी बस जाऊ लागली, इंग्रजी शाळेची. बासष्ट मुलांची आमची शाळा नवावर आली. गौरवी तोवर डी.एड. झाली होती.

यंदा सर निवृत्त व्हायचे होते. त्यांनी तिला पडवीत बोलावून सांगितले, "पहिलीला दहा मुले आली तर संस्था शाळा चालवेल आणि नवा शिक्षक घेईल. तू ये, गौरवी. नाही आली तर कुलूप."

त्याच आठवड्यात तिला तुये गावातल्या कारखान्याचे पत्र आले. औषधांच्या पॅकिंगचे काम, कायमचे. सोमवारपर्यंत कळवायचे होते.

सगुण आणि ती माझ्या खालीच बसली होती.

"तुयेची गाडी दारात येता," तो म्हणाला. "हय कोण तुका विचारतलो?"

"सर विचारतात ना."

"सर आता घराक जातलो."

ती हसली. "बाबा, हा पाटा तुम्हीच टांगलात ना?"

"तो मोडलो म्हणान टांगलंय. धड आसतो तर गाडयेकच ऱ्हवतो."

मला वाईट वाटले. पण खोटे काही नव्हते त्यात.

रविवारी समोरच्या देवळात वाडा जमला. बाबुराव देवळाचे कारभारी. त्यांनी नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले. "बा देवा म्हाराजा, दहा घरांतले एकेक लेकरू आम्ही ह्या शाळेत घालतंव. ही शाळा तू राख रे म्हाराजा." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." सगुणचा आवाज मी त्यात ओळखला. माझा टोला कधी एवढा मोठा झाला नव्हता.

गौरवीने सोमवारी तुयेला नकार कळवला.

तिला वाटले, देवापुढे नारळ ठेवून दिलेला शब्द कोण मोडतो? पण गाऱ्हाण्यात दर वाक्याला लोक व्हय म्हाराजा म्हणतातच. पाऊस मागितला तरी व्हय, आजार हटव म्हटले तरी व्हय. ते म्हणायचेच असते. हे तिला कळायला हवे होते. मलाही.

ती घरोघर फिरली. शेजारची शेवंती सुपात तांदूळ पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुज्या भावाचें चेडूं खंय घातलां गो?"

तिच्या भावाची, तुषारची मुलगी सायली इंग्रजी शाळेत जाणार होती. तिचा प्रवेशाचा फॉर्म गौरवीनेच भरला होता, दोन महिन्यांपूर्वी. घरात तिचेच अक्षर चांगले. घरी जाऊन तिने भावाला विचारले, सायलीला इकडे घालूया का? भाऊ काही बोलायच्या आत सगुणच म्हणाला, "तिका कित्याक मागे ओढतंस?" हे तिने सरांना सांगितले. सर चष्मा पुसत राहिले.

शाळा सुरू व्हायच्या दिवशी ती नवी साडी नेसून लवकर आली. तिने मला मोजून दहा टोले दिले. समोर पिवळी बस थांबली. बाबुरावांचा नातू चढला. शेवंतीची नात चढली. शेवटी सायली, गळ्यात टाय. तिची पाण्याची बाटली सगुणच्या हातात होती.

आमच्याकडे दोन मुले आली.

आता शाळेला कुलूप आहे. तुयेची जागा भरली. गौरवी त्या पिवळ्या बसमध्ये मदतनीस म्हणून जाते. मुलांना हात धरून चढवते, उतरवते. सायली तिला तिथे आत्या म्हणत नाही, टीचरही म्हणत नाही.

माझे काय, मी लोखंड. भंगारात गेलो तरी वितळून दुसरे काही होईन. एवढेच सांगतो, कोणाच्या पोरीसाठी व्हय म्हणाल तर आधी घरातल्यांना विचारा आणि मग देवाला.

परवा दुपारी सगुण पक्कड घेऊन आला. पडवी रिकामी करायची होती. एक तार त्याने तोडली. मी एका बाजूने लोंबलो. तेवढ्यात बस थांबली आणि गौरवी उतरून पडवीत आली.

"फॉर्म मी भरला, बाबा," ती म्हणाली. "पण देवळात व्हय तुम्ही म्हटलंत. कशाला म्हटलंत?"

सगुणने माझ्याकडे पाहिले. दुसरी तार तशीच ठेवून त्याने पक्कड खिशात घातली, पायऱ्या उतरला आणि निघून गेला.