बंद खोलीतला दिवा

नगरपालिकेत घरपट्टीसाठी नागप्पांची ही तिसरी फेरी होती, आणि तिसऱ्या फेरीला तरी माणसाला बसायला बाकडं मिळावं एवढीच त्यांची अपेक्षा होती. बाकड्यावर सुभद्राबाई आधीच बसली होती. त्यांची आठ वर्षांपासूनची भाडेकरीण. तिनं सरकून जागा केली. नागप्पा उभेच राहिले. भांडण चालू असताना शेजारी जाऊन बसायचं म्हणजे माघार घेतल्यासारखं दिसलं असतं. गुडघे मात्र बस म्हणत होते.

भांडण साधंच होतं. परळीत स्टेशनकडच्या गल्लीत नागप्पांचं किराणा दुकान, आणि दुकानामागं भाड्याची एक खोली. सुभद्राबाई आणि तिचा नवरा शहादेव दसरा झाला की खोलीला कुलूप घालून कोल्हापूरकडं ऊसतोडीला जायचे, ते एप्रिलात परतायचे. नागप्पांच्या बायकोनं, नीलम्मानं, पहिल्याच वर्षी तोंडी ठरवून टाकलं होतं की राहाल तेवढ्या महिन्यांची घरपट्टी तुमची. बंद महिन्यांसाठी नागप्पा पालिकेकडं अर्ज करायचे आणि तेवढी पट्टी माफ व्हायची. सात वर्षं कुणाचं काही अडलं नाही. यंदा पालिकेनं पहिल्यांदाच पाहणीला माणूस पाठवला आणि अर्ज परत आला. त्यावर शेरा होता, 'खोली वापरात'.

आता ती सहा महिन्यांची पट्टी भरायची कुणी?

"कुलूप तुमचं, सामान तुमचं, मंग पट्टी कावून माझी?" असं नागप्पांनी विचारलं होतं.

"आमी हितं न्हवतोच, आप्पा. न राहिल्याचे पैसे द्यायचे असतील तर आमी दुसरी खोली बघतो," असं सुभद्राबाईनं सुनावलं होतं. शहादेव खरंच दोन ठिकाणी खोल्या बघून आला होता. आठ वर्षांचं बिऱ्हाड सहा महिन्यांच्या पट्टीपायी उठणार होतं, आणि या विचारानं नागप्पांना रात्र रात्र झोप नव्हती.

झोप नसण्याचं आणखी एक कारण होतं, ते त्यांनी कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

निघताना सुभद्राबाई खोलीची किल्ली नीलम्माकडं द्यायची. कोनाड्यात तिच्या देवीचा टाक होता. उसाच्या फडात पाचटाच्या कोपीत देवीला कुठं न्यायचं, म्हणून टाक इथंच राहायचा आणि नीलम्मा रोज दिवेलागणीला जाऊन दिवा लावायची. नागप्पा दरवर्षी तेलावरून कुरकुरायचे. "भाडं त्यांचं आन तेल आपलं, लई झ्याक व्यवहार हाय," म्हणायचे. नीलम्मा ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

मार्गशीर्षात नीलम्मा गेली. चौथ्या दिवशी संध्याकाळी गल्लीत दिवे लागले आणि नागप्पांचं लक्ष खिळ्यावरच्या किल्लीकडं गेलं. ते उठले, खोली उघडली, वात वळायला बसले. वात काही धड जमली नाही, पण दिवा लागला. मग ते रोजच जाऊ लागले. स्वतःच्या घरात नीलम्मा नाही हे त्यांना उठता-बसता कळायचं. त्या खोलीत मात्र ती आत्ताच दिवा लावून बाहेर गेली असेल असं वाटायचं. तेवढी पंधरा मिनिटं त्यांना बरं वाटायचं. पुण्याचा मुलगा श्रीशैल दर रविवारी समोरच्या एसटीडीवर फोन करून काय चाललंय विचारायचा. ते म्हणायचे, काही नाही.

कारकून बंकटरावांनी दोघांना आत बोलावलं आणि पाहणीची वही उघडली.

"सोळा जानेवारी, सांजच्याला. उंबऱ्यावर राख न्हाई. खिडकीतून दिवा दिसला."

परळीतलं घर बंद आहे की चालू, हे उंबरा सांगतो. औष्णिक केंद्राची राख दिवसरात्र पडत असते. महिनाभर कुणी पाय ठेवला नाही तर बोटानं नाव लिहावं इतका थर साचतो. नागप्पांच्या पायांनी तो थर कधी साचूच दिला नव्हता.

"बाई, तुमच्यातलं कुणीतरी मागं राहिलं व्हतं," बंकटराव म्हणाले. "पट्टी तुमच्यावर."

"देवीची आण, आमी दोघंबी फडात व्हतो. दिवा तर आक्का लावायच्या..." सुभद्राबाई बोलता बोलता थांबली. जानेवारीत आक्का कुठून येणार? तिनं नागप्पांकडं बघितलं.

नागप्पांनी आता फक्त गप्प बसायचं होतं. पट्टी परस्पर तिच्या गळ्यात पडत होती, आणि तीन फेऱ्या ते त्यासाठीच तर मारत होते. वर चारचौघांत सांगायचं तरी काय? गळ्यात लिंग असलेला म्हातारा रोज भाडेकरणीच्या देवीपुढं जाऊन बसतो, हे? त्यांना मनापासून लाज वाटली. पण समोर ती बाई खरं बोलत असताना खोटी ठरत होती.

"दिवा मी लावीत व्हतो," ते म्हणाले.

बंकटरावांनी पेन खाली ठेवलं. "मंग आप्पा, किल्ली तुमची, ये-जा तुमची. खोली तुमच्याच वापरात. पट्टी तुमीच भरा. माफी पायजे तर फुडल्या साली कुलपावर आमचा कागद लावून घ्या. आत कुणी जायचं न्हाई, दिव्यालाबी न्हाई."

नागप्पांनी पट्टी भरली. परतताना सुभद्राबाई दोन पावलं मागून चालत होती. "सांगायचं व्हतं की, आप्पा," एवढंच ती म्हणाली. शहादेवनं दुसरी खोली बघायचं सोडून दिलं.

दसरा उलटला. मुकादमाची गाडी यायच्या आदल्या दिवशी सुभद्राबाई दुकानात आली. काखेत तांबड्या फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं.

"पालिकेत अर्ज देऊन आले. उंद्या शिपाई कुलपाला कागद लावून जाईल," ती म्हणाली. "देवीला संगं नेते, आप्पा. तुमाला ह्या वयात तरास नगं, आन पट्टीचा भुर्दंडबी नगं. लई दिस इचार करत व्हते."

तिनं खरोखरच विचार केला होता, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. एवढ्या मायेनं घातलेल्या घावावर माणसानं रागवावं तरी कसं? नागप्पांनी खिळ्याकडं पाहिलं. आता तिथं किल्ली अडकवली जाणार नव्हती. दुकान बंद केल्यावरच्या सहा महिन्यांच्या संध्याकाळी त्यांना एकदम दिसल्या आणि त्यांना फार थकल्यासारखं झालं.

"कोपीत ठेवणार देवीला?"

"ठेवीन कुठंबी. बघंल तिची ती."

"नगं," नागप्पा म्हणाले. "तिला कोनाड्यात ठिव जा. अर्ज मागं घे. पट्टी मी भरतो."