तोंडात डोकावणारा संशयी आरसा

मित्रांनो, मी आरसा आहे. पण माझ्यात बघून कुणी भांग पाडत नाही. दातांच्या दवाखान्यातला, लांब दांड्याचा, कोटाच्या बटणाएवढ्या काचेचा मी एक म्हातारा आरसा. कारखान्यात माझी काच गोल कापली, पोलादी दांड्यावर बसवली आणि मला इथे धाडलं. डॉक्टरबाईंनी मला पहिल्यांदा उचललं तेव्हा त्या म्हणाल्या, "वा, काय लख्ख आहे!" त्या एका कौतुकावर मी कितीतरी वर्षं काढली. रोज कढत वाफेची अंघोळ, मग ट्रेमध्ये पडून वाट बघायची, आणि बोलावणं आलं की कुणाच्या तरी तोंडात शिरायचं. आत काळोख, आत ओल, आत श्वासाची ऊब.

या कामाने मला एक खोड लावली. संशयाची! ओठ म्हणायचे, "दोन वेळा घासतो," आणि दात म्हणायचे, "कधी?" ओठ म्हणायचे, "गोड खातच नाही," आणि दाढेच्या खाचेत चॉकलेट पाय पसरून बसलेलं असायचं. त्यातून तारा लावलेली मुलं असली की मी जास्तच सावध. तारेखाली आणि दातांवर चिकटवलेल्या इवल्या ब्रॅकेटभोवती घास अडकून बसतो. तिथे ब्रश पोचला नाही की पांढरट थर, थराखाली डाग. आणि तारा निघाल्या तरी तो डाग मागे उरतो. म्हणून मी कुणाच्याही शब्दावर विसंबत नसे.

अशात एक दिवस भिंगरी आली. अकरा वर्षांची. खुर्चीत बसल्या बसल्या ती गर्रकन इकडे, गर्रकन तिकडे वळायची, म्हणून डॉक्टरबाईंनीच ठेवलेलं हे नाव. तिचे पुढचे दोन दात एकमेकांच्या अंगावर चढलेले होते. हसू आलं की आधी हात तोंडावर जायचा, मग हसू बाहेर पडायचं.

तारा बसल्यावर तिने विचारलं, "आता हात न लावता हसता येईल ना मला?"

"येईल की. पण मन लावून घासायचं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

सोबत तिची आत्या होती. तिने लगेच पुस्ती जोडली, "आणि कडक काही खाऊन तार मोडलीस तर याद राख. सगळं पुन्हा पहिल्यापासून!"

तीन महिने सुरळीत गेले. चौथ्या महिन्यात उजवीकडे, अगदी शेवटच्या दाढेभोवती मला थर दिसला. बाकीचं तोंड धुतल्या तांदळासारखं स्वच्छ. माझ्या मनात पाल चुकचुकली. डॉक्टरबाई नेहमीसारखा माझ्याच पाठीने तिचा गाल बाजूला सारत होत्या, तेवढ्यात ती कळवळली.

"आई गं!"

"नाटकं," आत्या म्हणाली. "दार लावून घासते हो ही. आत नुसता नळ सोडून उभी राहत असेल."

मीही मनातल्या मनात म्हणालो, अगदी बरोबर बोललात, आत्याबाई.

पुढच्या महिन्यात थर आणखी जाड, हिरडी सुजलेली. डॉक्टरबाईंचा आवाज उतरला. "भिंगरे, पुढच्या वेळीही असंच दिसलं तर मला तारा काढून टाकाव्या लागतील. दात किडण्यापेक्षा वाकडे राहिलेले परवडले." पोरीचे डोळे भरले, पण तोंडातून शब्द निघाला नाही. ज्याच्याकडे सांगण्यासारखं नसतं तो गप्प बसतो, असं मी ठरवून टाकलं. पोर लबाड आहे!

त्याच्या पुढच्या महिन्यातही थर तसाच. "बघा, मी म्हटलं नव्हतं?" आत्या म्हणाली. डॉक्टरबाईंनी पक्कड उचलली, आणि का कोण जाणे, परत ठेवली.

"आधी मला घासून दाखव."

भिंगरीने ब्रश घेतला. तारेच्या वर, तारेच्या खाली, मग बारीक ब्रशने एकेका ब्रॅकेटभोवती, इतकं निगुतीने की डब्यात कापूस भरणाऱ्या दवाखान्यातल्या मावशीही हातचं काम थांबवून बघत राहिल्या. पण उजवीकडे मागे आल्यावर ब्रशने टुणकन उडी मारली. डबकं ओलांडावं तशी.

"तिथे का नाही?"

भिंगरीने ब्रश तोंडातून काढून मुठीत धरला.

"बोल की गं!" आत्या म्हणाली.

डॉक्टरबाईंनी मला पोरीच्या हातात दिलं. "नको बोलूस. नुसतं दाखव."

घामेजलेल्या बोटांनी तिने मला आत नेलं आणि दाढेकडे नाही, गालाकडे वळवलं. तिथे मटाराएवढी पांढरी जखम होती, काठाने लालबुंद. आणि तिच्यासमोर सुईसारखं बाहेर आलेलं तारेचं टोक. मित्रांनो, मी शरमलो. दोन महिने मी त्याच जखमेवर पाठ रेटून दाढेवर डोळे वटारत होतो!

"अगं, सांगायचं नाहीस का?"

"तुम्हाला वाटलं असतं मी कडक खाल्लं. मी नाही खाल्लं, शप्पथ! पण मग सगळं पुन्हा पहिल्यापासून..."

"वेडाबाई, दात सरळ व्हायला लागले की तार मागे सरकते आणि टोक बाहेर येतं. म्हणजे तुझे दात शहाण्यासारखे ऐकतायत. टोक कापायचं काम माझं होतं, तेच माझ्याकडून राहिलं."

कट्! टोक निघालं. तिथे मेणाची गोळी बसली. तारा मात्र तोंडातच राहिल्या.

आत्या पर्सचं बटण उघडझाप करत होती. "मला वाटलं..."

"तुला नेहमीच वाटतं," भिंगरी म्हणाली.

"हो गं बाई, वाटतं. आता टोचलं तर मी ऑफिसात असले तरी फोन कर."

महिन्याने जखम भरलेली होती, दाढ स्वच्छ होती. मी दोनदा तपासलं. खोड जाते थोडीच! जाताना मावशींनी काहीतरी गंमत केली आणि भिंगरी खळखळून हसली. तारांसकट. दोन्ही हात खिशात होते.

आता माझ्या काचेवर चरे पडलेत, मला मागच्या खणात ठेवतात. तिथून एवढंच मागणं आहे. तारा असतील तर प्रत्येक खाण्यानंतर खळखळून चूळ भरा, आणि तारेच्या वर, खाली, कोपऱ्यात ब्रश फिरवा. आणि टोचलं तर त्याच दिवशी सांगा. कुणी "नाटकं" म्हणालं, तर तोंड उघडून, बोट ठेवून, पुन्हा सांगा.