डावा हात खिशात

व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर उघडला की डावा हात खिशात, हा श्यामकांतांचा चाळीस वर्षांचा नियम. आत साडेचारशे व्होल्ट असतात. दोन्ही हात आत गेले तर वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडते, आणि माणूस संध्याकाळच्या चहाला उरत नाही. सरकारी नोकरीत हे गृहस्थ कधी वेळेवर पोचले नाहीत, पण हा नियम पाळत. खरं म्हणजे कुमुदिनी पाळायला लावायची. दिल्लीतल्या करोल बागेत त्यांची बरसाती होती, म्हणजे गच्चीवरची खोली; तिथेच ती मांडीवर स्टील गिटार आडवी घेऊन रियाज करत बसे. नवऱ्याचा डावा हात बाहेर दिसला तरी ती ओरडत नसे, ओरडल्याने माणूस दचकतो. स्टीलची कांडी वरच्या सुरावरून सरळ खाली घसरवायची. तो घसरता सूर ऐकला की यांचा हात मुकाट्याने खिशात जाई.

कुमुदिनीला जाऊन वर्ष झालं. तिची एकच तक्रार राहून गेली होती. ‘तुमच्या ॲम्प्लिफायरमध्ये माझी मींड वरच्या सुराला पोचण्याआधीच विझते हो.’

म्हणून हा नवा ॲम्प्लिफायर त्यांनी हट्टाने मांडला. जाडजूड ट्रान्सफॉर्मर, वीज साठवणारे दुप्पट कपॅसिटर. वर एक अतिशहाणपणा केला. बंद केल्यावर साठलेली वीज सांडून टाकणारा एक छोटा रेझिस्टर असतो, तो लावलाच नाही. वीज रेंगाळली की सूरही रेंगाळेल, अशी स्वतःची समजूत घातली. शिकाऊ माणूससुद्धा असं करत नाही.

सोमवारी त्यांनी तिच्या गिटारीची तार छेडली आणि स्विच बंद केला. अशा वेळी सूर चार-पाच सेकंद राहतो, त्यात नवल नाही. हा अर्धं मिनिट राहिला आणि मग हळूच वर चढला. कांडी तर टेबलावर पडली होती. मंगळवारी त्यांनी प्लगच काढला, तरी सूर सात मिनिटं चालला. बुधवारी गिटारही जोडलेली नव्हती. भर दुपारी कुमुदिनीची मींड, शेवटाला जरा थरथरणारी, पुरती पोचून थांबली. श्यामकांतांच्या अंगावर काटा आला. आणि खोटं कशाला बोला, आनंदही झाला.

गुरुवारी सकाळी गुडगावहून मृणालचा फोन आला. हा ॲम्प्लिफायर त्यांच्याकडून करून घेणारी गिऱ्हाईक तीच.

“काका, चार वाजता घ्यायला येते. आणि मी आधी उघडून बघणार हं, चलेगा ना? मला आतलं सगळं हात लावून बघायचं असतं.”

“अच्छा,” श्यामकांत म्हणाले.

रेझिस्टर लावला तर सूर जाणार. नाही लावला तर पोरीचे दोन्ही हात त्या साठलेल्या विजेत जाणार. मग त्यांनी ठरवलं, द्यायचाच नाही. मृणालला दुसरा करून देऊ. हा आपला. उलट आणखी एक कपॅसिटर जोडू, म्हणजे कुमुदिनी तासभर वाजवेल. त्या हावेपोटी ते ॲम्प्लिफायरच्या उघड्या पेटीवर वाकले आणि डावा हात कधी खिशातून निघाला ते त्यांना कळलंही नाही.

बंद, गार पेटीतून सूर निघाला. वरून सरळ खाली घसरला.

हात खिशात गेला. मग श्यामकांतांनी एका हातानेच रेझिस्टर क्लिपने अडकवला आणि सोल्डरचा डाग दिला. स्पीकरमधून मींड वर चढू लागली होती. ती पोचण्याआधीच विझली.

चार वाजता मृणाल आली. भराभर स्क्रू काढून तिने दोन्ही हात आत घातले.

“डावा हात खिशात ठेव गं,” श्यामकांत म्हणाले.

“का काका? बंद आहे ना?”

“बंदच आहे,” ते म्हणाले. “बिल्कुल बंद आहे.”