माइकपुढची पेन्सिल

रेकॉर्डिंगच्या खोलीत आलेल्या त्या नव्या तंत्रज्ञाला वडीलधाऱ्यांशी कसं वागावं हे कुणी शिकवलेलं दिसत नाही. आल्या दिवशीच त्याने मला माइकवरून सोडवलं, "हा काय जुगाड," म्हणत नाक मुरडलं आणि टेबलाखालच्या मोडक्या हेडफोनांच्या खोक्यात टाकून दिलं.

मित्रांनो, मी एक जुनी पेन्सिल आहे. अर्धीच उरले आहे, पण बोलायची जुनी खोड गेली नाही. माझं शिक्षण म्हणाल तर सामानाच्या दोन याद्या आणि एक बेरीज, तीही चुकलेली. मग इथल्या वाचकबाईंनी मला दोन रबरबँड लावून माइकच्या तोंडापुढे उभं बांधलं. बाई अंध मुलांसाठी धडे वाचतात. प, फ, भ म्हणताना तोंडातून वाऱ्याचा झोत सुटतो. तो माइकवर आदळला, की ऐकणाऱ्याच्या कानात धप्प. मी तो झोत कपाळावर झेलते, दोन्हीकडे फाकवते. आवाज तेवढा सुखरूप पुढे जातो. अकरा वर्षं हेच केलं, कधी कुरकुर केली नाही.

मी खोक्यात गेले आणि 'पृथ्वीच्या पोटात' हा धडा धपाधप वाजू लागला. तंत्रज्ञ म्हणाला, कॉम्प्युटरवर काढून टाकतो. धप्प गेलं, पण बाईंच्या आवाजातला भरदारपणाही गेला. नळकांड्यातून बोलल्यासारखं वाटू लागलं. मुलांच्या शाळेने धडा परत पाठवला. तेव्हा या शहाण्याने खापर फोडलं ते बाईंवर. त्यांचं वय झालं म्हणे, श्वास आवरत नाही, उद्यापासून दुसरं कुणी बघू.

बाईंनी उघडलेला डबा तसाच झाकला. मग खाली बसून खोकं उपसलं, मला पदराने पुसलं आणि वेणीचं रबर सोडून मला माइकवर बांधलं.

"एकदा वाचते," त्या म्हणाल्या. "मग ठरवा."

अख्खा धडा वाचला. एकदाही धप्प नाही. तंत्रज्ञाने तो दोनदा ऐकला, हेडफोन उतरवला आणि मला चाचपायला बोट पुढे केलं.

आता माझं ऐक, पोरा. हात खाली घे. तुझं यंत्र हुशार आहे, नाही कुठे म्हणते? पण ते चूक झाल्यावर पुसत बसतं, मी ती होऊच देत नाही. जुनी वस्तू फेकण्याआधी ती काय अडवून उभी होती, एवढं विचारत जा. आणि बाईंची माफी माग, आत्ता. मग माझ्यासाठी रबरबँड शोध. त्यांची वेणी सुटली आहे.