पिवळं वजा करून

चित्रांच्या नकला करणाऱ्या त्या कारखान्यात त्याला सगळे वैद्यबुवा म्हणत. बोट कापलं तर चिंधी बांधायची अक्कल नसलेल्या माणसाला हे नाव पडलं, कारण सव्वीस वर्षं तो एकाच जातीची चित्रं रंगवत होता. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या डच चित्रकारांनी काढलेले वैद्य. कुणी शेतकऱ्याचा दात उपटतोय, कुणी वेड घालवायला डोक्यातून दगड काढल्याचं ढोंग करतोय. सगळ्यांत जास्त खपायचं ते खुर्चीत गळून बसलेल्या आजारी बाईचं चित्र, ज्यात वैद्य तिच्या लघवीची बाटली खिडकीच्या उजेडात धरून गहन विचारात पडलेला असतो. हाताने रंगवलेल्या या नकला डॉक्टर लोक आपल्या दवाखान्यात लावत. आपले पूर्वज किती येडे होते हे बघून त्यांना बरं वाटत असावं.

नक्कल करायची ती छापील चित्रावरून. मूळ चित्रावरचं व्हार्निश शेकडो वर्षांत पिवळं पडलेलं, त्यामुळे छापातही सगळं पिवळं. मालकाची शिस्त अशी की चित्र आधी आज काढल्यासारखं स्वच्छ रंगवायचं आणि मग व्हार्निशवाल्या बाईंनी वरून पिवळट तपकिरी हात मारून त्याला म्हातारं करायचं. म्हणून वैद्यबुवा पिवळं बघायचा आणि पांढरं समजायचा. नव्या लोकांनाही तो तेच शिकवी, पिवळं वजा करून बघा. ही खोड पुढे अंगात मुरली. घरची चादर कितीही कळकट झाली तरी त्याला ती पांढरीशुभ्रच दिसे, आणि बायको कपाळाला हात लावी.

त्या वर्षी एका मोठ्या दवाखान्याने दाराएवढं चित्र मागवलं. छाप तेवढा मोठा केल्यावर आजारी बाईचा चेहरा नुसता धूसर डाग उरला. तेव्हा वैद्यबुवाने कॅनव्हास घरी आणला आणि खिडकीशी बायकोला बसवलं. पॅलेटवर रंग कालवायचा, रंगाच्या बोथट सुरीच्या टोकावर घेऊन तिच्या चेहऱ्याशी धरायचा, जुळला की लावायचा. दोन महिने हे चाललं. एरवी दहा मिनिटं गप्प न बसणारी बाई या खेपेला मान टाकून बसायची. जेवण जात नाही म्हणायची, अंगाला सारखी खाज सुटते म्हणायची. आता तुला नाटक छान जमायला लागलं, अशी त्याने थट्टा केली. ती हसली. खरं सांगायचं तर तो खूश होता. इतका थकलेला चेहरा सव्वीस वर्षांत त्याच्या वाट्याला आला नव्हता. माणसाने आपल्या कामावर इतकं प्रेम करू नये.

चित्र कारखान्यात परत आलं आणि दवाखान्याचे मोठे डॉक्टर ते बघायला आले. मालक पुढे पुढे करत बाटलीतली चमक दाखवत होता. डॉक्टरांचं बाटलीकडे लक्षच नव्हतं. ते चष्मा काढून बाईच्या चेहऱ्यापाशी वाकले.

“ही कोण?”

“माझी बायको,” वैद्यबुवा म्हणाला.

“तिच्या डोळ्यांत पिवळं का घातलंत?”

पिवळं नाहीच, ते व्हार्निश आहे, असं तो समजावायला लागला. तेवढ्यात मागे ब्रश घेऊन उभ्या असलेल्या व्हार्निशवाल्या बाई हळूच म्हणाल्या, की मी अजून हात लावलेला नाही.

डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “तिला घेऊन या. आज.”

तो भर दुपारी घरी पळाला. बायको पडून होती. त्याने एक कोरा कागद घेतला आणि तिच्या डोळ्याशेजारी धरला, सुरी धरायचा तसाच. कागद पांढरा होता. डोळे पिकल्या लिंबासारखे होते. सुरीने दोन महिने बरोबर तोच रंग उचलला होता आणि हा गृहस्थ त्याला पांढरा म्हणत आला होता.

आठ दिवस तपासण्या चालल्या. स्वादुपिंडात गाठ, पित्ताची वाट अडलेली, आणि दुखणं आता यकृतात पसरलेलं. डोळे पिवळे झाले तेव्हाच आला असतात तर शस्त्रक्रिया करता आली असती, डॉक्टर म्हणाले. आता फार तर चार महिने.

घरी आल्यावर तो तिच्यावरच चिडला. तू रोज आरशात बघतेस, तुला दिसलं नाही का, बोलली का नाहीस?

“दिसलं होतं,” ती म्हणाली. “पण तुम्ही चार-चार तास माझ्या तोंडाकडे बघत होतात. रंगातलं तुमच्याएवढं कुणाला कळतं? तुम्ही काही म्हणाला नाहीत, म्हणून वाटलं, मलाच भास होतोय.”

त्याला रडू आलं नाही, लाज वाटली. तिनेच त्याच्या हातावर हात ठेवला, आणि त्यामुळे त्याला जास्त लाज वाटली.

पुढच्या आठवड्यात दवाखान्याचा निरोप आला. चित्र पसंत आहे, फक्त डोळे पांढरे करा, बसलेले पेशंट घाबरतील. वैद्यबुवाने पांढरा रंग काढला आणि एका डोळ्यात टेकवला. मग बराच वेळ बघत बसला. शेवटी त्याने व्हार्निशवाल्या बाईंना बोलावून विचारलं, “बाई, हे पांढरं आहे ना?”

“चक्क पांढरं,” त्या म्हणाल्या.

त्याने फडक्याने ते पुसून टाकलं. खालचा पिवळा डोळा होता तसा वर आला.

“राहू दे,” तो म्हणाला. “तुम्ही व्हार्निश चढवा. मग सगळंच पिवळं दिसतं. कुणाला कळणार नाही.”

बाईंनी ब्रश बुडवला आणि वरपासून खालपर्यंत सावकाश हात मारला. चित्र दवाखान्यात गेलं, मोठ्या डॉक्टरांच्या दारासमोर लागलं. कुणालाच कळलं नाही.